धावपट्टीच्या टोकाचा रस्ता

वडवणी, माजलगाव, गेवराई या पट्ट्यात कापूस हे केवळ पीक नव्हे; घराचा वर्षाचा जमाखर्च त्यावर मांडला जातो. वेचणी, जिनिंग, मग दाबून बांधलेल्या सुमारे १७० किलोंच्या गाठी आणि त्या गाठींनी लादलेला ट्रक, हा क्रम इथल्या लहान मुलांनाही ठाऊक असतो. असाच गाठींचा एक ट्रक २६ एप्रिल १९९३ रोजी भारतीय हवाई वाहतुकीच्या इतिहासात ओढला गेला.

त्या दिवशी इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे उड्डाण दिल्लीहून जयपूर व उदयपूरमार्गे औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आले होते. पुढचा मुक्काम मुंबई. बोइंग ७३७ जातीच्या त्या विमानात ११२ प्रवासी आणि सहा कर्मचारी होते. दुपारी एकच्या सुमारास चिकलठाणा विमानतळाच्या धावपट्टीवरून विमान पूर्वेकडे धावू लागले. धावपट्टी संपल्यावर अवघ्या ४१० फुटांवरून बीड रस्ता जात होता आणि त्यावरून गाठींचा ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक व डावे इंजिन जमिनीपासून सुमारे सात फुटांवर ट्रकला धडकले. जायबंदी विमान तसेच पुढे गेले, सुमारे तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या विजेच्या तारांना अडकले आणि कोसळले. ५५ जणांचा अंत झाला. ६३ जण वाचले.

उड्डाणाचा क्षण हा हवाई प्रवासातील अत्यंत नाजूक क्षण असतो. ठरावीक वेग येताच वैमानिकाने विमानाचे नाक ठरावीक गतीने उचलावयाचे असते. ते उशिरा उचलले, तर धावपट्टीचा राखीव भाग भराभर सरतो. त्यात मराठवाड्यातील एप्रिलची दुपार! उन्हाने तापलेली हवा विरळ होते, पंखांना कमी आधार देते आणि विमानाला अधिक अंतर धावावे लागते.

चौकशीत दोन कारणे नोंदवली गेली. पहिले, वैमानिकांनी नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलले. दुसरे, उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले. लोकांच्या आठवणीत बहुधा पहिलेच कारण राहते, कारण त्याला चेहरा असतो. दुसऱ्या कारणाला चेहरा नाही. म्हणून ते आपण विसरतो.

परंतु धावपट्टीजवळचा रस्ता ही अडचण १९९३ साली नव्याने उद्भवली नव्हती. प्रवासी विमानसेवेच्या बाल्यावस्थेत, १९२० साली, लंडनजवळील क्रॉयडन येथे त्या शहराचा विमानतळ सुरू झाला. पहिल्या महायुद्धातील दोन मैदाने जोडून तो झाला होता आणि त्या दोहोंच्या मधून प्लाउ लेन नावाचा वाहता रस्ता जात होता. विमान रस्ता ओलांडू लागले की एक माणूस लाल निशाण घेऊन उभा राही आणि गाड्या थांबवी. आगगाडीच्या फाटकावर आपण पाहतो, तशीच ही साधी व्यवस्था होती.

त्याच क्रॉयडनहून २४ डिसेंबर १९२४ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, इम्पीरियल एअरवेजचे पॅरिसला निघालेले विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळले. वैमानिक आणि सातही प्रवासी गेले. या अपघाताशी रस्त्याचा संबंध नव्हता. परंतु ब्रिटनमध्ये नागरी विमान अपघाताची पहिली जाहीर चौकशी यानिमित्ताने झाली आणि विमानतळाची जागाच अपुरी असल्याकडे लक्ष वेधले गेले. १९२५ साली क्रॉयडनच्या विस्ताराचा कायदा झाला. पुढे प्लाउ लेन कायमची बंद झाली आणि १९२८ साली नवी इमारत उघडली. लाल निशाणाच्या माणसाची गरज उरली नाही, कारण रस्ताच उरला नाही.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ध्यानात येते. कापडी पंखांच्या विमानांच्या काळात जे सामान्य शहाणपण होते, ते जेट विमानांच्या काळात बीड रस्त्यावर नव्हते. माणूस चुकणार, हे गृहीत धरूनच फाटक बांधायचे असते. वैमानिकाची चूक त्या दिवशी टळली नाही. पण रस्ता त्या क्षणी रोखलेला असता तर विमानाची ट्रकशी धडक झाली नसती, एवढे तरी निश्चित म्हणता येते.

आपल्या गावाकडे रेल्वेचे फाटक, शाळेसमोरचा रस्ता, उघडी विहीर, लोंबती वीजतार अशा जागा असतात. तिथे राखण ठेवणे हे कुणाचे तरी नेमून दिलेले काम असते. ते काम नीट झाले, तर त्याची बातमी होत नाही आणि त्या माणसाचे नावही कुणी घेत नाही. क्रॉयडनच्या निशाणवाल्याचेही कुणी घेतले नाही. औरंगाबादच्या ५५ मृतांचे स्मरण करताना आपण एवढे करावे: आपल्या वाट्याला आलेली अशी राखण, कितीही क्षुल्लक वाटली तरी, सोडू नये.