गिरणीच्या दारातली माणसं

मंडळी, गिरणगावाचा इतिहास आपण बहुतेक वेळा गिरणीच्या आतून सांगतो. साचे, पाळ्या, पगार, संप. आज मी तुम्हाला दाराबाहेर नेणार आहे. तिथं भल्या सकाळी माणसं उभी असायची आणि भोंगा वाजून गेला की त्यातल्या बऱ्याच जणांना परत फिरावं लागायचं.

यांना म्हणत बदली. कायम कामगाराचा खाडा पडला की त्याच्या जागी बदलीवाला. खाडा नाही तर काम नाही, आणि काम नाही तर पैसाही नाही. आता बघा, आत कुणी तापानं पडला, कुणाची आई गावी वारली, तरच बाहेरच्याची चूल पेटणार. आणि ही माणसं बऱ्याचदा एकाच चाळीतली, एकाच गावची. शेजारी बरा व्हावा असं वाटायचं, पण दोन दिवस उशिरा झाला तरी चालेल, असंही वाटायचं!

बरं, खाडा पडला तरी जागा कुणाला द्यायची हे जॉबर ठरवायचा. बायकांच्या खात्यात नायकीण. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस आधी गाववाल्याकडे उतरे आणि गाववाला त्याला जॉबरकडे नेई. दारात माणसं जितकी जास्त, तितका जॉबरचा भाव जास्त. साहजिकच दस्तुरी आली. 1931 साली व्हिटली आयोगाच्या अहवालानं या लाचखोरीवर बोट ठेवलं.

काही दारं तर ओळख असूनही बंद होती. विणकाम खात्यात कमाई चांगली. पण तिथं धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता.

त्यानंतर जागतिक मंदी आली. 1933-34 च्या सुमारास गिरण्या बंद पडल्या, पगार कापले गेले. तुम्ही विचाराल, मग ही माणसं गावी का गेली नाहीत? काही गेली. पण मंदीत शेतमालाचे भावही कोसळले होते. शिवाय रोज दारात दिसत नाही, त्याला जॉबर विसरतो. म्हणून मुंबईतच राहायचं. गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत पथारी टाकायची, खानावळीत उधारीवर जेवायचं. म्हणजे काम शोधणं हेच एक काम होतं, बिनपगारी. आणि त्याचा खर्च गिरणीमालक करत नव्हता. तो करत होती खानावळवाली, गाववाले आणि गावाकडची बायको.

1935 साली गिरणीमालक संघानं यात सुधारणा केली. महिन्याच्या 1 तारखेला निवडक लोकांना बदली कार्डं द्यायची, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचं, रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरच्या मनमानीला लगाम घालायचा हा प्रयत्न होता, आणि ते चांगलंच झालं. पण नीट पाहा. कार्डामुळे कुणाचा नंबर आधी, हे ठरलं. जागा मात्र एकही वाढली नाही. कार्ड हातात असूनही तो माणूस खाड्याचीच वाट बघत होता.

म्हणूनच 1982 च्या संपात पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करा, ही मागणीही होती. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात उतरले. शेवट काय झाला, तुम्हाला ठाऊक आहे.

बेकारीच्या काळात आपण तरुणांना सांगतो, प्रयत्न करा, ओळखी वाढवा. त्या दारातल्या माणसानं दोन्ही केलं होतं, रोज, वर्षानुवर्षं. तेव्हा एखादी नवी योजना आली की एवढंच विचारा: ही रांग नीट लावणारी आहे, की कमी करणारी?

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.