काडतूस पुनर्भरण

वापरून झालेल्या काडतुसाच्या कोशात नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी बसवून ते पुन्हा उडविण्याजोगे करण्याच्या क्रियेस काडतूस पुनर्भरण म्हणतात. काडतुसाचे चार घटक असतात : बहुधा पितळेचा कोश, त्याच्या बुडाशी बसविलेली स्फोटक टोपी, प्रक्षेपक दारू व गोळी. बार उडाल्यावर टोपी, दारू व गोळी खर्ची पडतात. कोश मात्र शिल्लक राहतो. या शिल्लक कोशावरच पुनर्भरणाची कला उभी आहे. ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात प्रत्येक बार वापरणाराच स्वतः भरीत असे. दारू मोजून नळीत ओतावयाची, बोळा घालावयाचा, गोळी वा छर्रे सोडून गजाने ठासावयाचे, असा क्रम असे. चूक झाल्यास तिचे फळही त्यालाच भोगावे लागे. कागदी काडतुसामुळे हे मोजमाप शिपायाच्या हातून निघून दारूखान्याकडे गेले. काडतुसात काय आहे, हे भरणारास ठाऊक व वापरणारास अज्ञात, अशी नवी स्थिती त्यामुळे उत्पन्न झाली. एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसाच्या वंगणात गाईची व डुकराची चरबी असल्याच्या समजुतीतून २४ एप्रिल १८५७ रोजी मीरत येथे तिसऱ्या हलक्या घोडदळाच्या ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसे घेण्यास नकार दिला. या प्रसंगाच्या मुळाशी धर्मभावनेबरोबरच हा अविश्वासही होता.

धातूच्या कोशाचे काडतूस एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले. पॉली याने १८१२ मध्ये मध्यस्फोटी काडतुसाचे एकस्व घेतले. १८६६ मध्ये ब्रिटिश सैन्याने बॉक्सर काडतूस स्वीकारले. त्याच सुमारास अमेरिकेत बर्डन याने वेगळ्या रचनेची टोपी काढली. आजच्या बॉक्सर पद्धतीच्या टोपीसाठी कोशाच्या बुडाशी मधोमध एकच छिद्र असल्याने जुनी टोपी सहज काढता येते. बर्डन पद्धतीत सामान्यतः दोन छिद्रे असतात व हे काम अवघड होते. पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना स्थापन झाला. स्वातंत्र्योत्तर काळात १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे दुसरा कारखाना निघाला.

बाटलीच्या आकाराचे, म्हणजे रुंद अंग व अरुंद मान असलेले काडतूस प्रथम रायफलींसाठी रूढ झाले. मार्टिनी-हेन्री रायफलीचे (१८७१) लांब काडतूस आखूड करताना कोश फुगीर व मान अरुंद करण्यात आली. लहान व्यासाच्या गोळीमागे अधिक दारू आखूड कोशात मावते व गोळीस मोठा वेग मिळतो, हा या आकाराचा लाभ होय. बोर्खार्ट (१८९३) व माउझर (१८९६) या जर्मन पिस्तुलांनी तो पिस्तुलांत आणला. माउझरच्या ७·६३ मिमी. काडतुसावरून सोव्हिएट रशियातील टोकारेव्ह पिस्तुलाचे काडतूस (१९३०) तयार झाले. बेल्जियमचे ५·७ मिमी. काडतूस हे या परंपरेतील अलीकडचे उदाहरण आहे.

भारतीय क्रांतिकार्याच्या इतिहासात माउझर काडतुसास विशेष स्थान आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या रॉडा कंपनीचा जो माल क्रांतिकारकांनी पळविला, त्यात ५० माउझर पिस्तुले व ४६,००० काडतुसे होती. दर पिस्तुलामागे हे प्रमाण ९२० काडतुसे इतके पडते. त्यापूर्वी २१ डिसेंबर १९०९ रोजी नासिक येथे अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनचा वध केला, तो इंग्लंडमधून गुप्तपणे आणलेल्या ब्राउनिंग पिस्तुलाने. भारतीय शस्त्र अधिनियम, १८७८ च्या अंमलात उघडपणे काडतुसे मिळविणे दुरापास्त असल्याने, शस्त्राइतकेच महत्त्व त्यांच्या साठ्यास होते.

पुनर्भरणातील धोका दारूच्या स्वरूपाशी निगडित आहे. जुनी काळी दारू कोश जवळजवळ भरून टाकी. त्यामुळे मापातील चूक डोळ्यांस दिसे. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्येय याने शोधलेल्या धूरहीन दारूचे प्रमाण थोडे पुरते. तिचे अनेक प्रकार दिसावयास सारखे, पण ज्वलनवेगात भिन्न असतात. लहान कोशात किंचित अधिक दारू पडली, चुकीचा प्रकार वापरला गेला वा गोळी अधिक खोल बसली, तरी दाब एकदम वाढून शस्त्र फुटू शकते. बाटलीच्या आकाराच्या कोशाची मान प्रत्येक बाराबरोबर ताणली जाऊन कठीण होते व अखेर चिरते. खांद्याची जागा सरकली तरी काडतूस नळीच्या कोठीत नीट बसत नाही. ५·७ मिमी.च्या कोशावर विशेष लेप असतो. तो निघाल्यास कोश बाहेर पडण्यात अडथळा येतो. म्हणून अमेरिकेसारख्या ज्या देशांत घरगुती पुनर्भरणास मुभा आहे, तेथेही उत्पादकांनी प्रसिद्ध केलेल्या मापांबाहेर न जाणे, एका वेळी एकच प्रकारची दारू हाताशी ठेवणे, प्रत्येक कोश तपासणे व डोळ्यांस संरक्षण देणे हे नियम अनिवार्य मानतात.

भारतात ही क्रिया खाजगी छंदाचा विषय ठरत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ (अंमल १ ऑक्टोबर १९६२) प्रमाणे दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो; दारूगोळ्याचे भाग व तो बनविण्याची यंत्रसामग्री यांचाही त्या संज्ञेत समावेश आहे. मात्र याच अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे. कोकणात तिला विशेष अर्थ आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कर्ली नदीच्या खोऱ्यातील वालावलसारख्या गावांच्या परिसरात भातशेती व नारळ-सुपारीच्या बागा आहेत. जिल्ह्यात रानडुक्कर व माकडे यांचा पिकांना उपद्रव होतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे रानडुकराची शिकार विनापरवानगी करता येत नाही. त्यामुळे बंदुकीचा बार मुख्यतः आवाजाने जनावर हुसकावण्यापुरता उरतो. निवडणुकीच्या काळात अशा बंदुका अनेकदा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात व तेवढे दिवस पीक उघडे पडते. कारखान्यातील काडतुसाने शिपायाच्या हातून काढून घेतलेले मोजमाप कोकणातील परवानाधारक शेतकऱ्याच्या हाती मात्र अद्याप आहे, आणि त्याबरोबरची जबाबदारीही.