चाळीस वर्षांनी दिसलेले



गेल्या रविवारी उपासनेत 'अमेझिंग ग्रेस' गायले. शेजारी बसलेल्या नातवाने हळूच विचारले, "आजोबा, हे कोणी लिहिलं?" मी म्हटले, "न्यूटनने." तो म्हणाला, "सफरचंदवाल्या?" मला हसू आले. तो न्यूटन वेगळा. घरी आल्यावर त्याला जी गोष्ट सांगितली, तीच इथे लिहितो.

जॉन न्यूटन १७२५ मध्ये लंडनला जन्मला. आई लहानपणीच वारली, वडील जहाजाचे कप्तान. पोरगा वाया गेलेला, तोंडाने शिवराळ. मार्च १७४८ मध्ये 'ग्रेहाउंड' जहाजावरून परतताना अटलांटिक महासागरात भयंकर वादळ झाले. जहाजात पाणी शिरले. उपसून उपसून हात गळाले, तेव्हा त्याच्या तोंडून प्रथमच देवाच्या दयेचा शब्द निघाला. तो दिवस त्याने पुढे आयुष्यभर पाळला.

आपण ही गोष्ट बहुधा इथेच संपवतो. पापी माणूस, वादळ, पालट, आमेन! पण इतिहास इथे थांबत नाही. त्यानंतर न्यूटन कुठे गेला? गुलामांच्या जहाजावर. १७५० ते १७५४ या काळात त्याने कप्तान म्हणून तीन सफरी केल्या. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घ्यायची, बेड्या घालून जहाजाच्या पोटात कोंबायची आणि वेस्ट इंडीजमध्ये विकायची. आणि त्याच जहाजावर रविवारी खलाशांना जमवून उपासना घ्यायची!

तो ढोंगी होता का? मला तसे वाटत नाही. आपण तुरुंगाचे रखवालदार झालो आहोत, असे त्याला वाटे. दुसरे काम मिळावे म्हणून तो प्रार्थनाही करी. पण हे पाप आहे, असे काही त्याला वाटले नाही. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तो आजाराचा झटका आल्यामुळे, मनाच्या टोचणीमुळे नव्हे.

१७६४ मध्ये तो पाळक झाला. ऑल्नी गावात १७७३ च्या नववर्षदिनासाठी त्याने हे गीत रचले. क्वेकर मंडळी गुलामगिरीविरुद्ध केव्हाच बोलू लागली होती. १७७४ मध्ये जॉन वेस्लीने त्यावर पुस्तिका काढली. न्यूटन मात्र गप्पच. अखेर १७८८ मध्ये, साठी उलटल्यावर, त्याने स्वतःची पुस्तिका छापून त्या धंद्यातला आपला वाटा जाहीरपणे कबूल केला. पुढे पार्लमेंटच्या समितीपुढे साक्षही दिली. वादळापासून मोजले तर चाळीस वर्षे! मार्च १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा केला, त्याच डिसेंबरात न्यूटन वारला. तेव्हा त्याची नजर जवळजवळ गेली होती.

मार्कच्या शुभवर्तमानात बेथसैद्याच्या आंधळ्याची गोष्ट आहे. प्रभूने पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा त्याला माणसे झाडांसारखी दिसली. दुसऱ्यांदा हात ठेवला तेव्हा स्वच्छ दिसले. न्यूटनचे तसेच झाले असावे. आपण मात्र पहिल्याच स्पर्शावर समाधान मानतो.

आता माझे सांगतो. आमच्या मागच्या दारी कोनाड्यात एक जर्मनचा पेला असे. झाडलोट करायला येणाऱ्या मावशींच्या चहाचा. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, मी संडे स्कूलमध्ये शिकवणारा, वर्गात कुसळ-मुसळाचा दाखला रंगवून सांगणारा! तो पेला मी रोज पाहत होतो आणि मला तो दिसत नव्हता. एकदा माझी नऊ वर्षांची लेक म्हणाली, "बाबा, मावशी चर्चमध्ये आपल्याच बाकावर बसतात, मग त्यांचा पेला वेगळा का?" मी तिच्यावर खेकसलो, "आजीच्या वेळेपासून आहे तसं." त्या रात्री मात्र झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींना आमच्यातल्या कपबशीतून चहा दिला. त्या काही बोलल्या नाहीत. चहा पिऊन झाल्यावर कपबशी स्वतः विसळली आणि मुकाट्याने पालथी घालून ठेवली. मला त्यांची क्षमा मागायची होती. उद्या मागू, परवा मागू असे म्हणता म्हणता ते राहून गेले. आता त्या नाहीत.

न्यूटनने निदान जाहीर कबुली दिली. माझी ही आज, इथे. स्वतःचे मुसळ स्वतःला दिसत नाही, ते दाखवायला दुसरे कोणीतरी लागते. म्हणून नातवाला सांगून ठेवले आहे, "माझं काही चुकताना दिसलं तर बोल. मी खेकसलो तरी बोल."

असो. प्रभू तुम्हां सर्वांना सांभाळो.