आधी पीठ, मग कारंजं



पहाटे उठून घरोटा ओढल्याशिवाय चूल पेटत नव्हती, असे दिवस आपल्यातल्या वयस्कर बायांनी पाहिले आहेत. आसोद्याच्या बहिणाबाईंनी तर या घरोट्यावर गाणं रचलं. आज मी तुम्हाला एका जुन्या बागेत नेते. तिथला घरोटा बाईचा हात फिरवत नव्हता, पाणी फिरवत होतं.

आमचा बचत गट चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरला गेला. तिथं खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांचा दर्गा आहे. आवारात मशीद, मोठा हौद, कारंजी आणि वडाची गार सावली. या जागेला लोक पाणचक्की म्हणतात.

गाईडदादा आम्हाला आधी कारंज्यांकडे न्यायला लागले. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "भाऊ, ते राहू द्या. आधी जातं दाखवा." गंमत म्हणजे या जागेचा इतिहासही आजींच्याच बाजूनं आहे. अठराव्या शतकात तुर्कताजखान या सरदारानं आधी चक्की उभी केली. हौद आणि कारंजी नंतर जमील बेग खानानं बांधली.

पाणी आलं कुठून? शहराबाहेरच्या झऱ्यातून, जमिनीखालच्या मातीच्या नळांमधून, कित्येक किलोमीटर. या गावाला ही विद्या जुनी होती. १६१० मध्ये मलिक अंबरनं इथं खडकी वसवली, तेव्हाच नहर खोदून पाणी आणलं होतं. ना मोटर, ना वीज. उंचावरच्या टाकीला नळी लावून तिचं दुसरं टोक वर धरलं, तर पाणी नळीत आपोआप चढतं. इथंही तसंच पाणी उंच खांबात चढतं, वरून जोरानं पडतं, खालच्या चाकाची पाती फिरवतं आणि चाकाबरोबर जात्याची वरची तळी फिरते.

ते पीठ कुणासाठी? दर्ग्यात उतरणारे वाटसरू, फकीर आणि तिथं शिकणारी मुलं यांच्या भाकरीसाठी. बागेची शोभा त्यानंतरची. हौदाखाली एक दालन आहे. डोक्यावर पाणी असल्यानं ते उन्हाळ्यातही गार राहतं. म्हणजे एकाच पाण्यानं दळण केलं, गारवा दिला आणि कारंजंही उडवलं.

धुळ्याकडच्या बहिणींना हे नवं वाटणार नाही. पांझरेच्या काठी फड बागायतीत बंधारा, पाट आणि पाटकरी यांच्या जोरावर शेकडो वर्षं पाणी वाटून घेतलं गेलं. पाट साफ ठेवला तर शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतं. नहरीचंही तसंच. जमिनीखाली एक नळ फुटला, की वरचं चाक थांबतं.

आजी जात्यापाशी बराच वेळ उभ्या होत्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "आमच्या वाट्याला असं पाणी आलं असतं, तर हाताचे घट्टे कमी झाले असते."

म्हणून सांगते, एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या कमळतळ्यावर जा, नाहीतर दूरच्या बागेत जा. दर्शन घ्या, फोटो काढा, पण गाईडला तीन गोष्टी विचारा. पाणी कुठून येतं? त्यावर कुणाचं पोट भरत होतं? आणि आज तो पाट कोण साफ करतं? राजांची नावं पाटीवर लिहिलेली असतात. हे मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

येते, रामराम.