चहा इतका उकळायची सवय आपल्याला कुठून लागली?

बोईसरहून एक ताई दवाखान्यात आल्या. तारापूर एमआयडीसीत पहिली पाळी. दम लागतो, पायांत गोळे येतात. हिमोग्लोबिन ८.२. लोहाच्या गोळ्या तीन महिने चालू, एकही चुकलेली नाही.

“गोळी कशाबरोबर घेता?”

“चहाबरोबर, डॉक्टर. नाहीतर तोंडाला चव राहते तिची.”

चहा कडक, दहा मिनिटं खळखळ उकळलेला. “आमच्याकडे पूर्वीपासून असाच करतात,” असं त्या म्हणाल्या. हे ‘पूर्वीपासून’ किती जुनं आहे बघा.

आसाममध्ये चहाची झाडं इंग्रजांना १८२३ च्या सुमारास समजली आणि १८३८ मध्ये तिथला चहा लंडनला निघाला. पिकायचा इथे, प्यायचे तिकडे. आपल्याकडे चहा किती परका होता, हे पुण्यात १८९० च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे आणि टिळकही तिथे होते. हा घाट घालणारे गोपाळराव जोशी, म्हणजे आपल्या डॉ. आनंदीबाईंचे पती. हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. एका कप चहापायी! (खरा आक्षेप चहापेक्षा तो कोणाच्या हातचा, यावर होता.)

घरोघरी चहा पोचला तो पुढे, जाहिरातीच्या जोरावर. १९३० च्या दशकातल्या मंदीत मळेवाल्यांना देशातलं गिऱ्हाईक हवं झालं. प्रात्यक्षिकं झाली, रेल्वे स्थानकांवर चहा कसा करावा हे सांगणाऱ्या पाट्या लागल्या. त्यांची रीत अशी: पाणी उकळा, पत्तीवर ओता, झाकून ठेवा, दूध शेवटी. विक्रेत्यांनी मात्र पत्ती कमी करून दूध, साखर, मसाला वाढवला आणि सगळं एकत्र उकळलं. त्याच दशकात आसाममध्ये सीटीसी यंत्र आलं. त्यात पान चिरडून, फाडून त्याचे दाणे होतात. ही पावडर झटपट रंग सोडते, थोडक्यात जास्त कप होतात आणि स्वस्त पडते. स्वातंत्र्यानंतर तीच सगळीकडे झाली. म्हणजे आपला ‘पारंपरिक’ कडक चहा फार तर आजी-पणजीच्या काळातला.

आता मुद्द्याचं. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं अन्नातल्या आणि गोळीतल्या लोहाला धरून ठेवतात, मग ते आतड्यात नीट शोषलं जात नाही. भाकरी, डाळ, पालेभाजीतल्या लोहाचं नुकसान जास्त. दूध घातल्याने सुटका होत नाही. जितका जास्त उकळाल तितकी ही द्रव्यं जास्त उतरतात, चहा तुरट होतो आणि मग साखर वाढते. राज्यातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे, त्यामुळे हे मी प्रत्येकीला विचारतो.

घरी असं करा. दोन कप पाण्याला आधण येऊ द्या, हवं तर आलं किंवा गवती चहा त्यातच घाला. गॅस बंद करून दोन लहान चमचे पावडर टाका, झाकण ठेवा. तीन मिनिटांनी गाळा, वेगळं तापवलेलं दूध वरून घाला. साखर चाखून मगच. पहिले चार दिवस फिका लागेल, माझ्याही घरी कुरकुर झाली होती.

चहा आणि जेवण यांत तासभर अंतर ठेवा. लोहाची गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबू सरबताबरोबर घ्या, आणि तिच्या आगेमागे चहा नको. ताईंचा चहा मी बंद केलेला नाही. पहाटे घरून निघताना त्या पितात, गोळी आता रात्री झोपताना घेतात. पुढची तपासणी महिन्याने आहे.