नगरची मराठी मंडळी : उपासनेची भाषा आणि पुढील वाट

आलापल्ली हे चौरस्त्याचे गाव आहे. चंद्रपूर, अहेरी-सिरोंचा, एटापल्ली व भामरागड या दिशांचे रस्ते तेथे जुळतात, आणि त्या रस्त्यांबरोबर मराठी, तेलुगू व माडिया गोंडी या भाषाही. अशा गावाच्या मध्यभागी ख्रिस्ती उपासक एकत्र आले, तर त्यांनी प्रार्थना कोणत्या भाषेत करावी? हा प्रश्न वरवर सोयीचा वाटतो. वस्तुतः मंडळी गावात रुजते, की गावात राहूनही परकी राहते, हे पुष्कळ अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. महाराष्ट्रात या प्रश्नाचा दीर्घ अनुभव अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) मंडळीने घेतला आहे. तो येथे थोडक्यात पाहावयाचा आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईस उतरले. १८३१ मध्ये मिशनने नगरला ठाणे केले व १८३३ मध्ये तेथे पहिली मंडळी स्थापन झाली. ‘मंडळी’ हा शब्दच लक्षात घेण्याजोगा आहे. सामान्य मराठीत तो जमलेल्या माणसांचा, आप्तांचा वाचक आहे; ख्रिस्ती मराठीत तो एका संस्थेचे नाव झाला. तरीही त्यातील घरगुती ऊब गेली नाही. ‘पाद्री’ व ‘नाताळ’ हे शब्द पोर्तुगिजांकडून आले, ‘बाप्तिस्मा’ मूळ ग्रीक. पण ‘पाळक’, ‘उपासना’, ‘तारण’, ‘प्रभुभोजन’ हे शब्द मराठीच्या घरचे आहेत. चर्चला ‘देऊळ’ म्हणण्याची चालही मराठी ख्रिस्ती कुटुंबांत आढळते. कोणती गोष्ट परकी राहिली व कोणती आपली झाली, याची ही एक प्रकारची नोंदच होय.

१८४२ मध्ये नगरला ‘ज्ञानोदय’ निघाले. सिंथिया फरार यांनी येथे मुलींच्या शाळा चालविल्या. त्यांच्या कार्याचा जोतीराव फुले यांच्या मनावर परिणाम झाला, हे सर्वश्रुत आहे. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. दोघेही जन्माने ब्राह्मण. मंडळीत मात्र पुढे महार व मांग समाजांतील माणसांचा भरणा अधिक होता. ज्या शहरात पाणवठेही वेगळे होते, तेथे प्रभुभोजनास एका पंक्तीस बसणे हा केवळ धर्मविधी नव्हता. मंडळीच्या जीवनातील खरी कसोटी हीच होती, आणि ती एका दिवसात पार पडली असे मानण्याचे कारण नाही. जुन्या जातींची आठवण नव्या नावाखालीही दीर्घकाळ टिकते.

भाषेची कसोटी गायनात लागली. आरंभीची अनेक गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे असून ती पाश्चात्त्य चालींवर गाइली जात. इंग्रजी वृत्त आघातावर चालते, मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घाच्या मात्रांवर. त्यामुळे चाल सांभाळली की शब्द मोडतो, आणि शब्द सांभाळला की चाल. या अडचणीतून वाट काढली ती मंडळीतील माणसांनीच. कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाचा परिचित साचा ख्रिस्ती कथेसाठी वापरला. पुढे नारायण वामन टिळक आले. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला व त्यानंतर नगर हे त्यांचे कार्यक्षेत्र ठरले. अभंग, ओवी, भजन ही वारकऱ्यांची साधने त्यांनी निःसंकोच स्वीकारली. १९१७ च्या ‘देवाचा दरबार’ या प्रयत्नात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही त्यांनी जागा दिली. १९१९ मध्ये ते वारले. त्यांची गीते मात्र आजही मराठी उपासनेत गाइली जातात.

पुढील शतकात बाह्य रचना बदलली. १९४७ मध्ये भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज स्थापन केले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्थांच्या ऐक्यातून उत्तर भारतीय चर्च अस्तित्वात आले. परंतु भरवस्तीतील जुन्या मंडळीपुढे आज जो प्रश्न आहे, तो रचनेचा नव्हे. तरुण शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे जातात. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला आजीच्या अभंगाचा अर्थ समजावून सांगावा लागतो. जे धन परभाषेच्या चालींशी झगडून मिळविले, ते पुन्हा परभाषेमुळेच निसटण्याचा संभव आहे. त्यावर केवळ जुनी पुस्तके जपणे हा उपाय नव्हे. टिळकांनी जे केले ते जतन नव्हते, नवी रचना होती. नव्या पिढीने आपल्या मराठीत नवे गीत रचले, तरच जुने गीतही जिवंत राहील.

आता पुन्हा आलापल्लीकडे वळू. नगरच्या अनुभवाचा सरळ अर्थ ‘उपासना मराठीत करावी’ असा घेतला, तर आपण फसू. ज्या बालकाची मातृभाषा माडिया आहे, त्याला टिळकांचा अभंगही तितकाच दूरचा, जितके नगरच्या शेतकऱ्याला इंग्रजी गीत. गोंडी भाषेच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा आरंभ नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या टिपणांतून झाला. १८६३ मध्ये ते बुडून वारले. त्यांनी जमविलेली लिंगोची गोंडी गीते १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. म्हणजे ऐकणारा कान या प्रदेशात फार पूर्वी पोहोचला होता. वनप्रदेशातील मंडळीने त्या कानाचा वारसा घ्यावा. नगरला इंग्रजीने जी जागा सोडली, ती येथे मराठीने सोडावयास हवी. हे मान्य करणे मराठीच्या अभिमान्यास जड जाईल. परंतु नगरच्या मंडळीचा इतिहास नीट वाचला, तर दुसरा निष्कर्ष निघत नाही.