गवळाऊ गोवंश व कुरणे (वर्धा जिल्हा)
वर्धा जिल्ह्याच्या आर्वी, आष्टी व कारंजा (घाडगे) तालुक्यांतील डोंगराळ गवताळ जमिनी आणि त्यांवर पोसला जाणारा पांढरा, हलक्या बांध्याचा व चपळ गवळाऊ गोवंश यांवर आधारलेली पशुपालनपद्धती. ती मुख्यतः नंद गवळी समाजाने जोपासली असून दूध-तूप, शेतीसाठी बैल आणि शेणखत हे तिचे उत्पन्न होय. जमनालाल बजाज यांनी १९४१ मध्ये वर्ध्यात गोसेवा संघ स्थापन केला. पुढे कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे या गोवंशाच्या पैदाशीसाठी शासकीय प्रक्षेत्र चालविले गेले.

पवन्या, मारवेल यांसारखी बहुवर्षायू, म्हणजे एकदा रुजल्यावर वर्षानुवर्षे फुटणारी, गवते माती धरून ठेवतात. मात्र बी पडण्यापूर्वीच सतत चराई झाल्यास त्यांची जागा कुसळीसारखी निकस गवते घेतात, म्हणून कुरणाचा काही भाग पावसाळ्यात राखून ठेवणे व उरलेल्या भागात आळीपाळीने चारणे आवश्यक ठरते. अशा जमिनीला पडीक समजून तेथे सरसकट वृक्षलागवड करणे ही सुधारणा नव्हे, कारण सावलीखाली चारा खुंटतो. ज्वारीऐवजी सोयाबीन आल्याने कडबाही घटला आहे. ट्रॅक्टरमुळे बैलांची मागणी ओसरली, ते निराळेच. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीवरील चराईचा सामूहिक हक्क मान्य केला असून त्यासाठीचा दावा प्रथम ग्रामसभेपुढे मांडावा लागतो.